हाडाच्या पोकळीत चरबी का भरते?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू असू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही हाडांविषयी बोलणार आहोत.

गटाच्या बैठकांना जातो तेव्हा तीन वाक्यं आमच्या कानावर हमखास पडतात. "हाडं झिजली." "कॅल्शियम कमी झालंय." आणि तिसरं, "वय झालं, आता चालायचंच." तिन्हीत थोडं थोडं खरं आहे, पण पूर्ण खरं एकातही नाही. हाड ठिसूळ होतं ते फक्त वरून झिजून नव्हे. हाडाच्या आत, पोकळीत, एक कारभार चालतो. तो बिघडला की हाड बांधणारे हात कमी होतात आणि त्या जागी चरबी साठत जाते. कारभार का बिघडतो ते कळलं, तर काय टाळायचं आणि काय करायचं तेही कळतं. आजचं बोलणं एवढ्यासाठीच.

हाड म्हणजे वाळकं लाकूड नाही, दगडही नाही. हाड जिवंत असतं. आपल्या घराच्या भिंतीसारखं बघा. पावसाळा संपला की आपण पोपडे खरवडतो, भेगा बुजवतो, पुन्हा लिंपतो. हाडातही हेच बारा महिने चालू असतं. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात. त्यांना आपण उकरणाऱ्या पेशी म्हणू. काही पेशी त्या जागी नवं हाड रचतात. त्या आपल्या गवंडी पेशी. मोठ्या माणसाच्या शरीरात दरवर्षी साधारण दहावा भाग हाड असं नवं होतं. तरुणपणी जेवढं उकरलं तेवढं भरलं जातं. पुढे उकरणं चालू राहतं आणि भरणं मागे पडतं. मग हाडाला आतून जाळी पडते. बाहेरून हाड तेवढंच दिसतं, पण आतून पोकळ, वाळवी लागलेल्या वाशासारखं. यालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपण हाडांचा ठिसूळपणा म्हणू.

आता हे गवंडी येतात कुठून?

ज्यांच्या घरी मटण होतं त्यांनी नळी पाहिलेली आहे. नळी ठोकली की आतून मऊ, तुपकट गर निघतो. ती मज्जा. माणसाच्या हाडातही ती असते. लहान मुलांच्या हाडातली मज्जा लाल असते, कारण तिथे रक्त तयार होतं. वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांतली मज्जा पिवळी होते, म्हणजे तिच्यात चरबी येते. एवढं सगळ्यांचंच होतं, तो काही आजार नाही. पण मणके, खुबा, कंबर इथेही चरबी वाजवीपेक्षा जास्त भरायला लागली, तर ती हाडाच्या मुळावर येते.

या मज्जेत मूळ पेशी राहतात. इंग्रजीत त्यांना स्टेम सेल म्हणतात. त्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एका प्रकारातून रक्त तयार होतं. दुसऱ्या प्रकारातून हाड, कूर्चा आणि चरबी तयार होते. आपलं आजचं बोलणं या दुसऱ्या प्रकाराचं.

ही मूळ पेशी एखाद्या आईसारखी आहे. तिला दोन लेकी. एक बांधणारी, एक साठवणारी. बांधणारी गवंडीकाम करते, हाड रचते. साठवणारी कोठीत चरबी भरते. आई तीच, घर तेच. पण कुठली लेक किती जन्माला येणार हे आईला मिळणाऱ्या सांगाव्यावर ठरतं. बांधायचा सांगावा जास्त आला तर गवंडी जास्त. साठवायचा जास्त आला तर कोठीवाल्या जास्त. आईची शक्ती ठरावीक असते. त्यामुळे एकीकडचं माप वाढलं की दुसरीकडचं बहुतेक वेळा घटतं.

हे नुसतं सांगोवांगी नाही. रशियातले शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत दाखवलं, की मज्जेतल्या काही पेशी वेगळ्या काढून वाढवल्या तर त्यांच्यापासून हाड तयार होतं. १९७१ साली फ्रान्समधल्या पिएर म्यूनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिसूळ हाडांच्या रुग्णांच्या कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे तपासले. त्यांच्या मज्जेत चरबी नेहमीपेक्षा जास्त सापडली. आणि १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाच्या मज्जेतल्या एकेका पेशीपासून वाढवलेल्या पेशींतून प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि चरबी अशा तिन्ही गोष्टी करून दाखवल्या. तेव्हा या लेकी एकाच आईच्या आहेत याची खात्री पटली.

साठवणारी लेक वाईट आहे असं मात्र समजू नका. थोडी चरबी मज्जेला लागतेच. बिघडतं ते माप. त्यातही, चरबीच्या वाटेला लागलेल्या पेशी उकरणाऱ्या पेशींना चेव आणणारी द्रव्यं सोडतात, असं उंदरांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे गवंडी कमी झाले ते झालेच, वर उकरणारेही वाढले.

आता एक गैरसमज इथेच काढून टाकू. हाडातली चरबी आणि पोटावरची चरबी या एक नव्हेत. काटकुळ्या बाईच्याही हाडात चरबी भरलेली असू शकते. उलट अंगाला अन्न लागत नसेल, वजन फार उतरलं असेल, तर अंगावरची चरबी जाते आणि मज्जेतली वाढते. उपाशी राहून हाडाची काडी झालेल्या तरुण मुलींच्या तपासण्यांत डॉक्टरांना हेच दिसलं. तेव्हा "मी तर बारीक आहे, मला कसली चरबी" असं म्हणून हे बोलणं सोडून देऊ नका.

आईला साठवायचा सांगावा कोण देतं ते आता एकेक करून बघू.

पहिलं, वय. वयाबरोबर तोल थोडाथोडा चरबीकडे झुकतो, बाईचाही आणि पुरुषाचाही. त्याला आपला इलाज नाही. पण पुढच्या चार गोष्टींत आपल्या हातात बरंच काही आहे.

दुसरं, पाळी जाणं. बाईच्या बीजकोषातून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात येतो. तो मूळ पेशीला सांगतो, "बांध, साठवू नकोस." शिवाय उकरणाऱ्या पेशींनाही तो लगाम घालतो. पाळी गेली की हा रस आटतो. मग दोन्हीकडून नुकसान. उकरणारे मोकाट सुटतात आणि आई गवंडी कमी धाडते. म्हणून पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं हाड सगळ्यात झपाट्याने विरळ होतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या बायकांच्या चार-पाच वर्षं आधी. आपल्या हाडांना या रसाची सोबत मुळातच कमी वर्षं मिळते.

आणि ती सोबत ऑपरेशन करून आणखी आधी तोडली तर?

आपल्या भागात 'पिशवी काढणे' हा शब्द कुणाला नवा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ऐन तिशी-पस्तिशीतल्या बायाही त्यात होत्या. पाळीत खाडा पडला की पैसे कापले जातात, अंगावरून जातं, पोट दुखतं, पाण्याची आणि आडोशाची सोय नाही, आणि कुणीतरी सांगतं, "काढून टाक, कटकट जाईल." कटकट गेली, पण हाडांचं काय, हे कुणी सांगितलं का?

इथे एक फरक नीट समजून घ्या. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली आणि बीजकोष ठेवले, तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन येत राहतं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढले, तर तो रस एका दिवसात बंद. तिशीतली बाई हाडांच्या हिशोबाने पन्नाशीत जाऊन बसते. म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी घरी गेल्यावर डब्यातून, पेटीतून दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. स्वतःला वाचता येत नसेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना दाखवा. त्यावर 'हिस्टरेक्टॉमी' असेल तर पिशवी काढली. त्यापुढे 'बायलॅटरल ओफोरेक्टॉमी' असं किंवा 'बी.एस.ओ.' ही तीन अक्षरं असतील तर दोन्ही बीजकोषही काढले. ते तुमच्या वयाच्या पंचेचाळिशीच्या आत काढले असतील, तर सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन प्रश्न नक्की विचारा. माझ्या हाडांची तपासणी करायला हवी का? पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत मला इस्ट्रोजेनची गोळी देता येईल का? ही गोळी सगळ्यांना चालत नाही, म्हणून डॉक्टरच ठरवतील. पण विचारायचा हक्क आपला आहे.

आणि जिला आता कुणी पिशवी काढायला सांगतंय, तिने दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नये. ऑपरेशन खरंच लागत असेल तर "बीजकोष ठेवता येतील का?" हे आधी विचारावं.

तिसरा सांगावा स्टेरॉइडचा. हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण ही गोष्ट नकळत आपल्या घरात शिरते. गुडघे दुखतात, कंबर धरते. बाजारच्या दिवशी कुणी पुड्या विकतो, कुणी बिनलेबलच्या गोळ्या देतो. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, अंगात तरतरी येते. आपण म्हणतो, गुण आला! अशा कितीतरी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइड मूळ पेशीला चरबीकडे ढकलतं, गवंड्यांचं आयुष्य कमी करतं आणि आतड्यातून कॅल्शियम शोषायलाही अडथळा आणतं. महिनोन् महिने पुड्या घेणाऱ्या बाईचा चेहरा गोल होतो, मानेमागे गोळा येतो, कातडी पातळ होते. लोक म्हणतात, बाई सुधारली. आत मात्र मणका पोकळ होत असतो.

स्टेरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही. दमा, काही प्रकारचे संधिवात, मूत्रपिंडाचे आजार यांत ते जीव वाचवतं. डॉक्टरांनी दिलं असेल तर मनाने बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर माणूस दगावूही शकतो. पुडी घेत असाल तरी पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करून देतील. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर विचारा, "हाडांसाठी बरोबर काही द्याल का?" दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड गोळीच्या मानाने फार थोडं असतं, पंप बिलकूल सोडू नका.

याच्याच जोडीला मधुमेहाच्या एका गोळीचं सांगतो. पायोग्लिटाझोन नावाची गोळी साखर कमी करते, पण मूळ पेशीतलं चरबीचं बटणही दाबते. ही गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. तुमच्या चिठ्ठीवर हे नाव असेल आणि पाळी गेली असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांजवळ विषय काढा. इथेही तोच नियम. मनाने बंद करायची नाही.

चौथा सांगावा बसून राहण्याचा. हाडावर भार पडला की मूळ पेशीला निरोप जातो, "इथे माल लागतोय, गवंडी पाठव." भार पडलाच नाही तर ती म्हणते, "मग साठवलेलं बरं." २००५ साली फ्रान्समधल्या तुलूझ गावी अंतराळप्रवासाच्या अभ्यासासाठी २४ निरोगी बायका ६० दिवस अंथरुणावर झोपून राहिल्या. जेवण, अंघोळ, सगळं झोपूनच. त्या धडधाकट बायकांच्या मणक्यांतली चरबी त्या दोन महिन्यांत वाढली. उठून नेहमीच्या कामाला लागून वर्ष झालं तरी ती वाढ ओसरलेली नव्हती. आपल्याकडे आजारी, बाळंतीण किंवा म्हाताऱ्या बाईला मायेपोटी महिनोन् महिने पडून ठेवतात. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती जरूर घ्या, पण नंतर "पडून राहा" म्हणण्यापेक्षा हात धरून अंगणात चार पावलं चालवणं ही जास्त माया आहे.

यावर तुम्ही म्हणाल, "आम्ही तर पहाटेपासून राबतो. हंडे वाहतो, खुरपतो, सरपण आणतो. मग आमचीच हाडं का जातात?"

प्रश्न बरोबर आहे. याचं उत्तर पाचव्या सांगाव्यात आहे, भुकेच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या, ३० ते ६० वयाच्या २८९ बायकांची हाडं तपासली. तो अभ्यास २००५ साली छापून आला. खुब्याच्या जागी जवळपास २९ टक्के बायकांची हाडं ठिसूळ निघाली. त्या कष्टकरी बायका होत्या, लोळत पडणाऱ्या नव्हत्या. पण त्यांच्या रोजच्या जेवणातून कॅल्शियम मिळत होतं जेमतेम २७० मिलीग्रॅम. गवंडी कितीही राबला तरी विटा आणि सिमेंटच नसेल तर भिंत उभी राहील कशी? आणि पोटच रिकामं असेल तर शरीर बांधायचं सोडून साठवायच्या मागे लागतं. सगळ्यांना वाढून उरलेलं, शेवटी, तेही शिळं खायचं, ही आपली रीत हाडाच्या आत जाऊन पोचते.

मग करायचं काय?

आधी ताट. देशाच्या आहारतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला रोज १००० मिलीग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. आकडा मोठा वाटतो, पण हिशोब करा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५०. दोन पेले दूध किंवा तेवढंच दही घेतलं तर साडेचारशेच्या वर. १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्याची भाजी, ३००च्या आसपास. दोन-तीन चमचे तीळ चटणीत किंवा भाकरीवर लावले तर शंभरच्या वर. झाले बाराशे. शेवगा तर बांधावर आहे, शेंगा आपण विकतो आणि पाला शेळीला घालतो. जवळा, सुकट खाणाऱ्यांना त्यातूनही चांगलं कॅल्शियम मिळतं. जोडीला डाळ, उसळ, अंडं हवंच, कारण हाडाची जाळी प्रथिनांची असते आणि कॅल्शियम तिच्यात भरलं जातं. दूध डेअरीला घालताना घरातल्या बाईचा पेला आधी बाजूला काढा. गटाने एवढा एक ठराव केला तरी पुष्कळ झालं.

मग ऊन. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाच्या उन्हातून हे चांगलं मिळतं. हात, पाय, पाठ थोडी उघडी ठेवून वीसेक मिनिटं पुरे. डोकं झाका आणि भर उन्हाळ्यात जपून. नखशिखान्त झाकून शेतात दिवसभर राबणारीलाही ते कमी पडू शकतं. कमतरता निघाली तर डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात. ती मनाने महिनोन् महिने चालू ठेवू नका, जास्त झाली तर तिचाही अपाय होतो.

तिसरं, हाडावर योग्य भार. शिलाई, पापड, विड्या असं बैठं काम करणाऱ्यांनी दर तासाला उठायचं. भिंतीला धरून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, वीस वेळा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. रोज भरभर चालायचं. पाळी गेल्यावर व्यायामाचा काय उपयोग, असं म्हणू नका. ऑस्ट्रेलियात विरळ हाडांच्या, पाळी गेलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास वजनं उचलली, तीही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्यांची घनता वाढलेली दिसली. हा अभ्यास २०१८ साली छापून आला. पण जिचा मणका आधीच दबलाय तिने पुढे वाकून ओझं उचलू नये. हंडा उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. आणि घागरी वाहायला घरात आणखी हात असतात, ते पुरुषांचे का असेनात, तेही कामाला लावायचे.

चौथं, तपासणी. हाड ठिसूळ होताना दुखत नाही. दुखणारे गुडघे हा बहुतेक वेळा सांध्यांचा आजार असतो, तो वेगळा. ठिसूळपणाच्या खुणा या: उंची दीड-दोन इंच कमी होणं, पाठीला पोक येणं, ओझं उचलताना पाठीत एकदम कळ येऊन ती न जाणं, आणि उभ्या उभ्या नुसतं घसरून पडल्यावर मनगट, खुबा किंवा मणका मोडणं. अशी खूण असेल तर डेक्सा तपासणीविषयी विचारा. मोठ्या रुग्णालयांत ही सोय असते. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, दुखत नाही. अहवालात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाड ठिसूळ झालं असं समजतात. गावच्या शिबिरात टाच यंत्रात ठेवून जी तपासणी करतात तिच्यावरून आजार पक्का ठरत नाही. तिथेच महागडे डबे विकत घेऊ नका.

औषधं आहेत आणि ती उपयोगी आहेत. आठवड्याला एक घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी उकरणाऱ्या पेशींना आवर घालते. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन गवंडी वाढवतं. ते महाग आहे आणि आजार फार पुढे गेलेल्यांनाच देतात. कुठलं औषध कुणाला, ते डॉक्टरच सांगतील.

आता एक सावधगिरी. मूळ पेशींचं एवढं ऐकल्यावर वाटेल, की बाहेरून मूळ पेशी टोचून घेतल्या तर काम होईल. अशा जाहिराती शहरांत दिसतात. गुडघा नवा करतो, हाड नवं करतो, काही लाख रुपये द्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी मज्जा बदलणं हा मान्य उपचार आहे. बाकी आजारांत मूळ पेशींचा वापर फक्त मंजूर झालेल्या संशोधनातच व्हावा. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नसतात. ठिसूळ हाडांसाठी कुणी पैसे घेऊन मूळ पेशी टोचत असेल, तर जमीन गहाण टाकून तिकडे जाऊ नका.

शेवटचं, पडणं टाळा. न्हाणीतलं शेवाळ घासून काढा. उंबरठ्याशी आणि परसात जायच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन करून घ्या. आणि एवढं करूनही म्हातारी पडली, पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, उभं राहता येत नाही, तर चोळायचं नाही, ओढायचं नाही. पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठायचं. खुबा मोडला तर ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं लागतं. जितकं लवकर तितकी ती पुन्हा चालण्याची आशा जास्त. "या वयात कशाला ऑपरेशन" म्हणून घरी ठेवलेली बाई पडून राहते, तिला जखमा होतात, छाती भरते आणि ती दगावूही शकते. खर्च योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तर मैत्रिणींनो, हाडाच्या आत ती आई बसलेली आहे. तिला रोज आपल्याकडून सांगावा जातो, आपल्या ताटातून, कामातून, गोळ्यांतून. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की तीन प्रश्न एकमेकींना विचारा. पिशवीचं ऑपरेशन कुणाचं झालंय आणि कार्डावर काय लिहिलंय? बिनलेबलच्या पुड्या कोण घेतंय? आणि काल रात्री कोण उपाशी किंवा अर्धपोटी झोपलं? उत्तरं वहीत लिहा आणि आशाताईंना बैठकीला बोलवून दाखवा. तुमच्या गटात काय निघालं ते आम्हाला कळवा, आपण त्यावर पुन्हा बोलू.